साहेब जेवले होते

आमच्या घरात चुली दोन होत्या आणि भांडण एकच, मिठाचं. आईचा हात मिठाला सैल आहे असं ठकूआत्याचं म्हणणं, आणि आत्याचं कालवण म्हणजे नुसतं कढत पाणी असं आईचं. ठकूआत्या ही माझ्या वडिलांची थोरली बहीण. लग्नानंतर थोड्याच वर्षांत नवरा गेला, तशी ती माहेरी परत आली आणि अंगणाच्या पलीकडच्या खोलीत तिनं आपली चूल मांडली. चूल वेगळी म्हणजे वाटणी झाली असं मात्र कुणी समजू नये. सकाळी तिच्या खोलीतून नाचणीच्या भाकरीची थाप ऐकू आली की इकडून आई खुरासणीची चटणी वाटीत घालून मला पिटाळायची, आणि आत्या त्याच वाटीत हुलग्याचं कढण भरून परत पाठवायची. बरोबर निरोप असायचाच, "तुज्या आईला म्हनावं, मीठ असं घालत्यात." तो निरोप मी अगदी शब्दाला शब्द पोचवत असे, कारण त्यावर आई जे बोलायची ते ऐकण्यासारखं असायचं. दोघींची तोंडं दिवसभर चालायची आणि संध्याकाळी दोघी एकाच ओट्यावर बसून हिरडे फोडायच्या. सरकारला पुढं यातलं फक्त चुलींचं कळलं.

गाव अकोल्याच्या डोंगरात, नदीच्या अगदी काठाला. वडील, म्हणजे आमचे आबा, गावचे पोलीस पाटील. त्यामुळे बाहेरून जो कुणी येईल, मग तो गुरांचा डॉक्टर असो की निवडणुकीचा माणूस, त्याचं पान आमच्याकडे मांडलं जायचं. धरण येणार, धरण येणार असं मी जन्मल्यापासून ऐकत होते. ते इतकी वर्षं येत होतं की लोकांनी त्याचं मनावर घेणंच सोडलं होतं. कुणाचं लग्न लांबलं की म्हणायचे, धरण बांधून झालं की होईल. मग मी नववीत असताना, अकोल्याच्या बोर्डिंगातून सुट्टीला घरी आले होते तेव्हा, एक ओव्हरसियर सायकल हातात धरून चढण चढून आला आणि धापा टाकत म्हणाला की पुढच्या आठवड्यात मोठे साहेब येणार आहेत, लोकांशी संवाद साधायला. संवाद हा शब्द आमच्या गावात त्या दिवशी पहिल्यांदा आला. आत्यानं विचारलं, "ते काय आसतं?" ओव्हरसियर म्हणाला, "ते बोलणार, तुम्ही ऐकणार." इतका प्रामाणिक माणूस मी त्या खात्यात पुन्हा पाहिला नाही.

आबांनी त्याला ताक पाजलं आणि गावाचं म्हणणं त्याच्या कानावर घातलं. म्हणणं लहानच होतं. धरण होणार तर होऊ द्या, ते काही आमच्यानं थांबत नाही. पण गाव मोडायचं नाही. जिथं घालाल तिथं सगळ्यांना एका जागी घाला आणि कालव्याच्या काठाला घाला. ओव्हरसियर म्हणाला, "सांगतो साहेबांना." त्यानं खरोखर सांगितलं की नाही हे मला आजतागायत कळलेलं नाही, पण गावानं धरून चालायचं ठरवलं की सांगितलं.

इथं आमच्याकडची एक रीत सांगायला हवी, नाहीतर पुढचं कुणाला पटणार नाही. सोयरिकीची बोलणी करायला मुलाकडची माणसं आली की बोलणं पुरं होईपर्यंत ती तांब्यातल्या पाण्यालासुद्धा हात लावत नाहीत. मानपान, वऱ्हाड किती, वाजंत्री कुणाची, सगळं ठरायचं आणि मग पानं मांडायची. पानावर बसलं की ठरलं. त्यानंतर तोंड उघडायचं ते घास घालण्यापुरतं. एकदा एका नवरदेवाच्या चुलत्यानं हात धुताना मनगटी घड्याळाचा विषय काढला, तर मुलीच्या बापानं त्याच्या हातावर सुपारी ठेवली आणि त्याला वेशीपर्यंत नेऊन सोडलं. त्या माणसाला आमच्याकडे पुढं मरेपर्यंत 'घड्याळ' म्हणत. सोयरीक असो, बांधाचा वाद असो, बैलांची अदलाबदल असो, सगळीकडे हीच रीत. जेवला म्हणजे मान्य केलं. यात न कळण्यासारखं काय आहे, असं आम्हाला वाटायचं, आणि साहेबांनाही आई असेलच की, तिनं शिकवलं असेल, असंही वाटायचं.

साहेब आले ते उन्हं डोक्यावर आल्यावर. जीप नदीपलीकडे राहिली होती आणि ते गुडघ्यापर्यंत विजार दुमडून पाण्यातून आले होते, म्हणजे जे पाणी ते एवढं मोठं करणार होते त्याच्याशी त्यांची ओळख फारशी चांगली झाली नव्हती. अंगणात सगळं गाव जमलेलं. घोंगड्या अंथरलेल्या. आबांनी हात जोडून, बोलायला सुरुवात करावी अशा बेतानं घसा खाकरला, तेवढ्यात साहेब म्हणाले, "पाटील, आधी जेवण उरकून घेऊ, मग सभा. उपाशीपोटी मला लोकांचे प्रश्न समजत नाहीत."

म्हातारी माणसं एकमेकांकडे बघायला लागली. आत आईनं माझा दंड इतक्या जोरात धरला की बोटं उमटली. "म्हंजी मान्य केलं की गं," ती कुजबुजली. एवढा मोठा माणूस, जराही घासाघीस न करता, आमचं सगळं म्हणणं कबूल करून थेट पानावर बसत होता. असला दिलदार व्याही आमच्या गावानं कधी पाहिला नव्हता. आत्यानं तर तिच्या खोलीतून साजूक तुपाचं गाडगं आणलं, जे ती दिवाळीलाही मोजून काढायची.

काय जेवले साहेब. आमच्याकडच्या काळभात तांदळाचा वास अंगणभर सुटला होता, गावठी कोंबड्याचा काळा रस्सा, तांदळाची भाकरी, वर तूप. वाढायला मी होते. साहेबांनी भात तीनदा मागून घेतला आणि प्रत्येक वेळी बाहेर लोकांचे चेहरे आणखी खुलले. जेवण झाल्यावर सभा झाली. साहेबांनी ओट्यावर नकाशा पसरला आणि छडीनं दाखवत तासभर बोलले. बुडीत क्षेत्र, लाभक्षेत्र, पुनर्वसन, असे शब्द एकामागून एक येत होते आणि माणसं समाधानानं माना डोलवत होती, जसं लग्नातल्या मंगलाष्टकांना डोलवतात. अर्थ कळायची गरज नव्हती, ठरायचं ते ठरलं होतं. फक्त आत्यानं, हरकत म्हणून नव्हे तर आपलं बघावं म्हणून, विचारलं, "सायेब, आमचं गाव निळं कशापायी रंगवलंय?"

"ते पाणी आहे, बाई."

"आन मानसं कुठं हायेत?"

"माणसं नकाशात दाखवत नाहीत," साहेब म्हणाले.

शेवटी त्यांनी विचारलं, कुणाची काही हरकत? कुणी हूं की चूं केलं नाही. जेवलेल्या माणसाला हरकत सांगणारा 'घड्याळ' व्हायला कोण तयार होणार? साहेबांना बहुधा आयुष्यात पहिल्यांदाच असा गाव भेटला होता. निघताना त्यांना पाण्याचा तांब्या देताना मी ऐकलं, ते ओव्हरसियरला म्हणत होते, "बघितलंस? नीट समजावून सांगितलं की लोकांना पटतं." इकडे आबा आईला म्हणत होते, "बघितलंस? मोठ्या मनाचा मानूस हाय." दोन्ही बाजू इतक्या खूश होऊन उठल्या अशी सभा मी पुन्हा पाहिली नाही.

आता मी नगरच्या सावेडीत राहते, तिसऱ्या मजल्यावर, आणि शिक्षिका म्हणून निवृत्त झाल्यावर अशा विषयांवरच्या कार्यक्रमांना मला अधूनमधून बोलावतात. मागच्या हिवाळ्यात अशीच एक कार्यशाळा होती, नियोजनकर्ते आणि विस्थापित यांच्यातला संवाद अशा काहीतरी नावाची. थंडगार हॉल, प्रत्येकाच्या पुढ्यात पाण्याची बाटली. एका तरुण मुलानं पडद्यावर दोन गोल काढून दाखवले आणि त्यांच्यामध्ये बाण. म्हणाला, अडचण बाणात असते. मला त्याला सांगावंसं वाटलं की बाळा, अडचण भातात असते. पण तेवढ्यात जेवणाची सुट्टी झाली आणि सगळे ताटं घेऊन रांगेत उभे राहिले.

तर, महिना-दोन महिन्यांनी (त्या वर्षी मी बोर्डिंगातून वरचेवर घरी यायचे) ओव्हरसियर दोन माणसं आणि रंगाचे डबे घेऊन आला आणि घरोघरच्या दारांवर पट्टे ओढू लागला. कुणाला पांढरा, कुणाला पिवळा, कुणाला लाल. लोकांना वाटलं, साहेबांनी गाव सजवायला सांगितलंय. आमच्या दारावर पांढरा ओढला आणि अंगणापलीकडे आत्याच्या दारावर लाल. आत्याला फार अभिमान वाटला. "तुमास्नी नुसता चुना," ती आईला म्हणाली, आणि आईचं तोंड त्या दिवशी खरंच उतरलं. मी ओव्हरसियरला विचारलं की असे रंग का, तेव्हा त्यानं खाली बघत सांगितलं. पांढरे जाणार राहुरीच्या बाजूला, उसाच्या पट्ट्यात. पिवळे नागापूरच्या पलीकडे. लाल पार जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला, खर्ड्याच्या अलीकडे, तिकडे जमीन मोकळी आहे. पाणी? कालवा येणार आहे की पुढं. आणि आत्या? "तिची चूल वेगळी," तो म्हणाला. "चूल वेगळी म्हणजे कुटुंब वेगळं. वेगळ्या कुटुंबाला वेगळी जागा. फायदाच आहे तिचा."

आबांना हे खोटंच वाटलं. साहेब जेवले होते. त्यांनी कोट चढवला, पाट्या वाचायला मला बरोबर घेतलं आणि एसटीनं आम्ही नगरला त्यांच्या कचेरीत गेलो. साहेब दौऱ्यावर होते. आबा टेबलापलीकडच्या कारकुनाला म्हणाले, "सायेब आमच्याकडं जेवल्यात."

"बरं मग?"

"पोटभर जेवल्यात. भात तीनदा घेतला. ही माजी पोरगी वाढत हुती, इचारा तिला."

कारकुनानं माझ्याकडे पाहिलं, मग शेजारच्या कारकुनाकडे. "पाटील, साहेब सगळीकडेच जेवतात," तो म्हणाला. "तुमचं काम काय आहे?"

आबांना काम काय ते सांगता येईना, कारण त्यांच्या मते त्यांनी ते सांगितलं होतं. पोलीस पाटील म्हणून ज्याच्या शब्दावर अख्खं गाव चालायचं तो माणूस त्या टेबलापुढं टोपी हातात धरून उभा होता आणि दोन कारकून हसू दाबत होते. मला त्या दोघांचा तेव्हाही राग आला आणि आता त्या गोष्टीला जन्म लोटला तरी येतो. घरी आल्यावर कचेरीतलं सगळं आबांनी मलाच सांगायला लावलं.

त्यावर बोलली ती आत्या. गावातल्या बायका ओट्यावर जमवून तिनं सांगितलं, "चूक आपलीच हाय. बोलायच्या आदी खायला घातलं. आता सायेब आला की एकबी चूल पेटवायची न्हाई. आदी बोलनं, मग जेवान." पुरुषांना हे जड गेलं. दारात आलेला माणूस उपाशी ठेवायचा म्हणजे काय? एक म्हातारा तर म्हणाला की त्यापेक्षा धरणात बुडालेलं बरं. पण चुली बायकांच्या ताब्यात होत्या, त्यामुळे त्याच्या मताला फारशी किंमत आली नाही.

आबांनी ओव्हरसियरकडून निरोपावर निरोप धाडले, तेव्हा साहेब पुन्हा आले. याही वेळी ऐन जेवणवेळेला. अंगणात पाऊल टाकल्याबरोबर त्यांनी नाक वर केलं. गावात कुठूनही धूर निघत नव्हता. आबा म्हणाले, "सायेब, आदी बोलू." साहेब बोलले, पण मन लागेना. छडी लाभक्षेत्रावर आणि नजर आमच्या स्वैपाकघरावर. या वेळी हरकत विचारताच सगळं अंगण एकदम बोलायला लागलं. साहेब दचकलेच. गेल्या खेपेला इतकी समजूतदार असलेली माणसं, यांना कुणी फूस लावली, असं त्यांनी ओव्हरसियरला सगळ्यांदेखत विचारलं. ऊन कलत गेलं. ओव्हरसियर निदान चहा मिळतो का बघायला चार घरं फिरून आला. त्याला सगळीकडे थंड चूल आणि गोड बोलणं मिळालं. साहेबांनी आधी कायदा सांगितला, मग रागावले, मग म्हणाले की असल्या लोकांसाठी कशाला मरायचं. आत्या उंबऱ्यावर बसून होती. ती मधूनमधून एवढंच म्हणायची, "गाव एका जाग्याला, सायेब. मंग जेवान."

आणि सूर्य डोंगराला टेकायच्या सुमारास, ज्या माणसाला उपाशीपोटी प्रश्न समजत नव्हते, त्याला आमचा प्रश्न पहिल्यांदा समजला. "बरं," ते म्हणाले, "एक जागा. कालव्यावर. सगळ्यांना."

"आन मी?" आत्यानं विचारलं.

"तुम्हीसुद्धा. भावाच्या शेजारी."

तो शब्द त्यांच्या तोंडातून निघाला आणि एका दमात साऱ्या गावातून धूर निघाला. मसाले वाटून तयार होते, तांदूळ धुतलेले होते, कोंबडे डालग्याखाली वाट बघत होते. तरी शिजायला वेळ लागलाच, आणि तेवढा वेळ साहेब घोंगडीवर बसून भाताच्या वासाकडे ज्या नजरेनं बघत होते ती नजर मी विसरलेले नाही. आई आणि आत्या त्या दिवशी जन्मात पहिल्यांदा एका चुलीवर रांधत होत्या आणि मिठावरून एक शब्दही झाला नाही. साहेब जेवले. बोलणं झाल्यावर जेवले, रीतीप्रमाणे. रंगाचे पट्टे दुसऱ्याच दिवशी लोकांनी दगडानं घासून काढले.

मग साहेबांची बदली झाली.

नवे साहेब तरुण होते, गोरेगोमटे, बोलायला फार नम्र. म्हाताऱ्यांशीही ते वाकून बोलायचे. आणि ते आपला डबा बरोबर आणायचे. स्टीलचा, तीन खणांचा. लोकांना त्रास नको म्हणून. आमच्या ओट्यावर बसून त्यांनी पोळीभाजी खाल्ली आणि मला म्हणाले, फक्त पाणी दे, आणि स्वतःची बाटली आठवल्यावर म्हणाले, तेही राहू दे. आबांनी त्यांना सगळं सांगितलं. एक जागा ठरली आहे, आधीच्या साहेबांनी शब्द दिला आहे, आणि नंतर ते जेवले आहेत. नव्या साहेबांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. त्यांना हसू आलं, पण ते वाईट हसू नव्हतं.

"पाटील, जेवले ते साहेब," ते म्हणाले. "सरकार कुठं जेवतं?"

आबांनी त्या स्टीलच्या डब्याकडे पाहिलं. "मंग आमी बोलायचं कुनाशी?"

"माझ्याशी बोला ना. मी त्यासाठीच आलोय."

"तुमी जेवाल?"

"माझं झालं की आत्ताच," नवे साहेब म्हणाले आणि डबा पुसून पिशवीत ठेवला. त्यांची रंग मारणारी माणसं महिन्याभरात आली. पट्टे जिथं घासले होते तिथंच पुन्हा ओढले, तेच रंग, फक्त या वेळी ऑइलपेंट.

ट्रक लागले ते उन्हाळ्याच्या अखेरीला. पांढऱ्यांचे ट्रक नदीच्या अलीकडे, पिवळ्यांचे देवळापाशी, लालचा एकच, कारण तिकडे जाणारी घरं थोडी. आत्यानं आपला पाटा, दोन डालगी आणि नाचणीचं पोतं वर चढवलं आणि त्या पोत्यावर ती बसली. आई तिच्या ट्रकचा फाळका धरून उभी होती. आबा आमच्या ट्रकच्या दोऱ्या पुन्हा पुन्हा आवळत होते, त्या आधीच आवळलेल्या होत्या. मला आमच्या सामानावर बसवलं होतं आणि तिथून मला तिन्हीकडचे ट्रक दिसत होते, एवढंच गाव उरलं होतं.

नवे साहेब आले होते. माणूस खरंच चांगला होता. लोक उपाशी निघतील म्हणून त्यांनी अकोल्याहून पुरीभाजीची पुडकी आणवली होती आणि ती स्वतः वाटत होते. पोरांनी आधी झडप घातली. मग बायका. शेवटी आबांनीही आमच्या ट्रकला टेकून पुरी मोडली. सकाळपासून त्यांच्या पोटात काही नव्हतं. त्यांनी पहिला घास घेतला तेव्हा आत्या तिकडून त्यांच्याकडे बघत होती, आणि आबांनी तिच्याकडे पाठ केली.

साहेब लाल ट्रकपाशी गेले आणि एक पुडकं तिच्या हातात दिलं. "मावशी, खाऊन घ्या. लांबचा पल्ला आहे, वाटेत काही मिळायचं नाही."

"बोलनं राह्यलंय, सायेब," आत्या म्हणाली. "ते झालं की जेवंन."

साहेबांनी फाळक्याशी उभ्या असलेल्या आईकडे पाहिलं, आबांच्या पाठीकडे पाहिलं, आणि त्यांचे डोळे भरून आले. मी पाहिले. "बोलून घ्या मावशी," ते म्हणाले, "घाई नाही. अजून पाच मिनिटं आहेत."

एवढं बोलून ते भल्या माणसासारखे बाजूला झाले. आत्यानं पुडकं न उघडता फाळक्यावर ठेवलं, आणि पाच मिनिटांनी ट्रक सुटला.